वाढते वय आणि हेवीवेट योद्धा : मुष्टियोद्ध्याचे तंत्र, प्रतिक्रियाकाल व मराठी आखाड्याचा अनुभव

सारांश

हेवीवेट गटातील मुष्टियोद्ध्याच्या तंत्रावर व प्रतिक्रियाकालावर वाढत्या वयाचा कोणता परिणाम होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे. प्रतिक्षिप्त क्रिया, प्रतिक्रिया व पूर्वानुमान या तीन संज्ञांतील भेद प्रथम स्पष्ट केला आहे. त्यानंतर मुहम्मद अली व जॉर्ज फोरमन यांच्या कारकिर्दींची तुलना करून महाराष्ट्रातील हेवीवेट मल्लांच्या परंपरेशी तिचा संबंध जोडला आहे. वयानुसार सर्व कौशल्ये एकाच गतीने क्षीण होत नाहीत. वेग आधी जातो, ताकद त्यानंतर, आणि जाण सर्वांत शेवटी. आपल्या तालीम परंपरेने शेवटपर्यंत टिकणाऱ्या या जाणिवेला 'वस्ताद' या पदाच्या रूपाने स्थान दिले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

सूचक शब्द : प्रतिक्रियाकाल, पूर्वानुमान, हेवीवेट, मुष्टियुद्ध, कुस्ती, तालीम, वस्ताद, निवृत्ती.

प्रस्तावना

क्रीडापटूचे वय आणि सामान्य माणसाचे वय यांचे मोजमाप वेगवेगळे असते. ज्या वयात प्राध्यापक, वकील अथवा वैद्य आपल्या व्यवसायात स्थिरावतो, त्या पस्तिशीच्या वयात खेळाडूची गणना 'ज्येष्ठ' म्हणून होऊ लागते. मुष्टियुद्धाच्या बाबतीत हा प्रश्न केवळ जय-पराजयाचा राहत नाही. धावपटूचा वेग कमी झाला तर तो मागे पडतो, फलंदाजाची नजर मंदावली तर तो बाद होतो. मुष्टियोद्ध्याची नजर मंदावली तर मात्र ठोसा त्याच्या डोक्यावर बसतो, आणि त्याची किंमत त्याला उर्वरित आयुष्यभर मोजावी लागते. म्हणूनच वाढत्या वयाचा मुष्टियोद्ध्यावर होणारा परिणाम हा विषय शारीरिक शिक्षणाबरोबरच शरीरक्रियाशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्याही कक्षेत येतो.

महाराष्ट्रात हेवीवेट मुष्टियुद्धाची परंपरा फारशी रुजलेली नाही. पुण्यातील आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेत २००१ पासून मुष्टियुद्धाचे पद्धतशीर प्रशिक्षण दिले जाते. तथापि, गावोगावच्या लोकांच्या मनात वजनदार योद्ध्याची जी प्रतिमा आहे ती तालमीतल्या मल्लाची. कोल्हापूर, सांगली, पुणे, लातूर, नाशिक या भागांत वयस्कर मल्लाचे काय होते, हे लोकांनी पिढ्यान् पिढ्या जवळून पाहिले आहे. त्यामुळे मुष्टियोद्ध्याविषयीचे शास्त्रीय विवेचन मराठी वाचकापुढे मांडताना आखाड्याचा आधार घेणे सयुक्तिक ठरते.

उद्दिष्टे

१) प्रतिक्षिप्त क्रिया, प्रतिक्रिया व पूर्वानुमान यांतील फरक स्पष्ट करणे.
२) वयानुसार होणारे शारीरिक बदल व त्यांचा मुष्टियोद्ध्याच्या तंत्रावरील परिणाम सांगणे.
३) हेवीवेट मुष्टियोद्धा आणि महाराष्ट्रातील हेवीवेट मल्ल यांच्या उत्तरकाळाची तुलना करणे.
४) महाविद्यालयीन शिक्षकांच्या दृष्टीने त्यातून निघणारे निष्कर्ष मांडणे.

संज्ञांचे स्पष्टीकरण

'त्याचे रिफ्लेक्सेस मंदावले' असे आपण सहज म्हणतो. शास्त्रीय दृष्ट्या हे विधान काटेकोर नाही. गुडघ्याखाली हलका आघात केला असता पाय आपोआप उडतो, ती खरी प्रतिक्षिप्त क्रिया होय. तिचा मार्ग मज्जारज्जूतून जातो, मेंदूच्या निर्णयाची तिला गरज नसते, आणि वयाचा तिच्या गतीवर होणारा परिणाम तुलनेने अल्प असतो. मुष्टियोद्धा ठोसा चुकवतो ती क्रिया या प्रकारची नसते. समोरची हालचाल डोळ्यांनी टिपणे, तिचा अर्थ लावणे, योग्य प्रत्युत्तर निवडणे आणि स्नायूंना आज्ञा देणे अशा चार पायऱ्या तिच्यात असतात. या सर्वांना मिळून लागणारा वेळ म्हणजे प्रतिक्रियाकाल.

एकच ठरलेला संकेत मिळाल्यावर एकच ठरलेली कृती करण्यास निरोगी तरुणाला साधारणतः सेकंदाचा पाचवा ते चौथा भाग लागतो. अनेक संकेतांपैकी कोणता आला हे ओळखून अनेक कृतींपैकी एक निवडावयाची असेल, तर हा काळ आणखी वाढतो. उलट, निष्णात मुष्टियोद्ध्याचा सरळ ठोसा, म्हणजेच जॅब, निघाल्यापासून लक्ष्यावर पोहोचेपर्यंत सेकंदाच्या पाचव्या भागापेक्षा फारसा अधिक वेळ घेत नाही. याचा अर्थ असा की, ठोसा निघालेला पाहून मग तो चुकवू म्हणणाऱ्याला तो चुकवता येणे जवळजवळ अशक्य आहे.

तरीही ठोसे चुकवले जातात, याचे कारण पूर्वानुमान. प्रतिस्पर्ध्याचा खांदा किंचित खाली गेला, पुढच्या पायावर भार आला, श्वास रोखला गेला, अशा सूक्ष्म खुणांवरून अनुभवी मुष्टियोद्धा पुढचा ठोसा आधीच ओळखतो. नाशिककरांना याचे उदाहरण द्वारका चौकात रोज दिसते. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जेथे एकत्र येतात, त्या गर्दीत पन्नाशीचा रिक्षाचालक विशीतल्या दुचाकीस्वारापेक्षा अधिक सुरक्षितपणे वाट काढतो. त्याचे डोळे व हात अधिक वेगवान असतात म्हणून हे घडत नाही. कोणती बस थांब्यावरून अचानक बाहेर येईल व कोणता पादचारी मध्येच धावेल, हे त्याला अगोदर कळलेले असते. मात्र अंदाज पूर्णपणे चुकला आणि एखादे वाहन अनपेक्षित दिशेने आले, तर तेथे अनुभव कामी येत नाही, निव्वळ प्रतिक्रियाकालच कामी येतो. वयस्कर मुष्टियोद्ध्याची स्थिती नेमकी हीच असते.

वयानुसार होणारे शारीरिक बदल

प्रतिक्रियाकालाच्या संदर्भात एक महत्त्वाची बाब लक्षात घेतली पाहिजे. ब्रिटनमधील मोठ्या लोकसंख्येवर आधारित, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, साधा प्रतिक्रियाकाल पन्नाशीपर्यंत फारसा बदलत नाही, परंतु निवड करावी लागणारा प्रतिक्रियाकाल मात्र संपूर्ण प्रौढ वयात हळूहळू वाढत जातो. त्याचबरोबर प्रतिक्रियेतील सातत्यही कमी होते. दहा प्रसंगांपैकी आठ वेळा प्रौढ खेळाडू तरुणाइतक्याच चपळाईने हालचाल करतो, उरलेल्या दोन वेळा त्याला विलंब होतो. सरावात ही बाब ध्यानात येत नाही. सामन्यात तेच दोन प्रसंग निर्णायक ठरतात.

स्नायूंच्या बाबतीतही असाच असमतोल दिसतो. स्नायूंमध्ये मंद गतीने परंतु दीर्घकाळ काम करणारे आणि शीघ्र गतीने आकुंचन पावणारे असे दोन मुख्य प्रकारचे तंतू असतात. वाढत्या वयाचा परिणाम प्रामुख्याने शीघ्र तंतूंवर होतो. तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान हळूहळू घटू लागते आणि साठीनंतर ही घट वेग धरते. येथे ताकद आणि स्फोटक शक्ती यांत फरक केला पाहिजे. एखादे ओझे उचलण्याची ताकद दीर्घकाळ टिकते. तीच ताकद क्षणार्धात प्रकट करण्याची क्षमता मात्र त्याहून लवकर कमी होते. ठोसा मारण्यासाठी तर दुसऱ्या प्रकारची क्षमता लागते.

हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा वयानुसार कमी होते, प्राणवायू वापरण्याची क्षमताही दर दशकात घटते. नियमित मेहनतीने ही घट निम्म्यावर आणता येते, पूर्णपणे थांबवता येत नाही. चाळिशीच्या सुमारास जवळचे पाहण्याची डोळ्यांची लवचिकता कमी होते. स्नायुबंध ताठर होतात, दुखापत भरून येण्यास अधिक दिवस लागतात. सर्वांत गंभीर बदल कवटीच्या आत घडतो. वयानुसार मेंदूचा आकार किंचित आकसतो, त्यामुळे मेंदूचा पृष्ठभाग व त्याचे आवरण यांना जोडणाऱ्या सूक्ष्म शिरा ताणल्या जातात. डोक्यावर आघात झाला असता त्या फाटून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. म्हणजे ज्या वयात ठोसा चुकवणे अवघड होऊ लागते, त्याच वयात बसलेला ठोसा अधिक घातक ठरतो.

तंत्रावरील परिणाम : दोन कारकिर्दी

या बदलांचा तंत्रावर कसा परिणाम होतो, हे मुहम्मद अली व जॉर्ज फोरमन यांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

१९६४ साली बाविसाव्या वर्षी सॉनी लिस्टनला हरवून विश्वविजेता झालेल्या अलीचे तंत्र रूढ पाठापेक्षा वेगळे होते. तो हात कमरेच्या उंचीवर ठेवी आणि ठोसा आला की मान व धड मागे घेऊन तो अवघ्या काही बोटांच्या अंतराने चुकवी. हात वर ठेवून चेहरा झाकण्याचा रूढ बचाव त्याने फारसा अंगीकारला नाही, कारण त्याला त्याची गरजच भासली नाही. डोळे आणि पाय हेच त्याचे कवच होते. १९६७ ते १९७० या ऐन उमेदीच्या काळात त्याच्यावर बंदी होती. तो परतला तेव्हा पायांतील ती चपळता कमी झाली होती. बुद्धिमान खेळाडू असल्याने त्याने तंत्र बदलले. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे बत्तिसाव्या वर्षी त्याने पंचवीस वर्षांच्या फोरमनसमोर दोरांना टेकून उभे राहण्याची युक्ती योजली, त्याला दमवले आणि आठव्या फेरीत पाडले.

ही युक्ती इतिहासात अमर झाली. तिचा दुसरा अर्थ मात्र क्वचितच सांगितला जातो. ठोसे चुकवून जिंकणारा खेळाडू आता ठोसे सोसून जिंकू लागला होता. १९७५ मधील मनिला येथील फ्रेझरविरुद्धचा सामना आणि त्यानंतरचे अनेक सामने याच मार्गाने गेले. २ ऑक्टोबर १९८० रोजी अडतिसाव्या वर्षी अली लॅरी होम्ससमोर उभा राहिला तेव्हा त्याच्याकडे अनुभव भरपूर होता, परंतु त्या अनुभवाची आज्ञा पाळणारे शरीर उरले नव्हते. दहाव्या फेरीनंतर त्याच्या बाजूने लढत थांबवण्यात आली. त्या सामन्यापूर्वी वैद्यकीय तपासणी झाली होती आणि परवानाही मिळाला होता, ही बाब विशेष विचार करण्यासारखी आहे. डिसेंबर १९८१ मध्ये ट्रेव्हर बर्बिककडून हरल्यावर तो निवृत्त झाला आणि १९८४ साली त्याला पार्किन्सनसदृश विकार असल्याचे निदान जाहीर झाले. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली त्याच्या जुन्या मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यानुसार वयाच्या सव्विसाव्या ते एकोणचाळिसाव्या वर्षांदरम्यान त्याच्या बोलण्याची गती सुमारे २६ टक्क्यांनी मंदावली होती. निदान होण्याच्या कितीतरी आधी त्याच्या वाणीने धोक्याची सूचना दिली होती.

फोरमनची कथा याच्या उलट दिशेने जाते. १९७७ मध्ये त्याने मुष्टियुद्ध सोडले आणि दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, अडतिसाव्या वर्षी तो परतला. या दुसऱ्या कारकिर्दीत त्याने वेगावर भिस्त ठेवली नाही. दोन्ही हात छातीसमोर आडवे ठेवून तो चेहरा व धड झाकी, जड पावलांनी पुढे सरके, लांब व वजनदार जॅबने प्रतिस्पर्ध्याला रोखी आणि संधीची वाट पाही. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी पंचेचाळिसाव्या वर्षी, गुणांमध्ये मागे असताना, त्याने दहाव्या फेरीत उजव्या हाताच्या ठोशाने सव्वीस वर्षांच्या मायकेल मूररला पाडले आणि हेवीवेट विश्वविजेतेपद मिळवणारा सर्वांत वयस्कर योद्धा होण्याचा मान मिळवला.

या दोघांच्या तुलनेतून एक तत्त्व निघते. ज्या तंत्राचा पाया क्षणिक प्रतिक्रियेवर असतो ते तंत्र वयाबरोबर लवकर ढासळते. ज्याचा पाया देहाची ठेवण, अंतराची जाण, संयम आणि ताकद यांवर असतो ते अधिक काळ टिकते. अर्थात फोरमन हा अपवाद आहे, नियम नव्हे. जो लुई करांच्या ओझ्याखाली पुन्हा मैदानात उतरला आणि १९५१ मध्ये सदतिसाव्या वर्षी रॉकी मार्सियानोकडून आठव्या फेरीत पराभूत झाला. व्लादिमिर क्लिच्को २०१७ मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी अँथनी जोशुआविरुद्ध शर्थीने लढला, तरी अकराव्या फेरीत त्याला हार पत्करावी लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अठ्ठावन्न वर्षांचा माइक टायसन सत्तावीस वर्षांच्या जेक पॉलसमोर उभा राहिला. फेऱ्या दोन-दोन मिनिटांच्या केलेल्या असूनही आठ फेऱ्यांत मिळून त्याचे अवघे १८ ठोसे अचूक बसल्याची नोंद झाली. विसाव्या वर्षी विश्वविजेता झालेल्या टायसनची नजर तेव्हाही संधी ओळखत असावी. ती साधण्यास मात्र शरीर वेळेवर पोहोचत नव्हते.

'मुष्टियोद्धा एका रात्रीत म्हातारा होतो' असे या क्षेत्रात म्हटले जाते. त्याचे स्पष्टीकरण वरील विवेचनात सापडते. शारीरिक ऱ्हास हळूहळू होत असतो. पूर्वानुमान व अनुभव त्यावर पांघरूण घालत राहतात. एखाद्या दिवशी ही भरपाई अपुरी पडते आणि अनेक वर्षांचा ऱ्हास एकाच सायंकाळी सर्वांना दिसतो.

हेवीवेट गटाचे वेगळेपण

हलक्या वजनगटांच्या तुलनेत हेवीवेट योद्धे अधिक वयापर्यंत टिकतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. त्याची तीन कारणे देता येतील. पहिले, या गटात यश केवळ वेगावर अवलंबून नसते, एकच प्रभावी ठोसा लढतीचे पारडे फिरवू शकतो. दुसरे, ताकद वेगापेक्षा उशिरा कमी होते. तिसरे, व्यावसायिक हेवीवेट गटाला २०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ९०.७ किलोच्या पुढे वरची मर्यादा नसल्याने वजन उतरवण्यासाठी शरीर सुकवावे लागत नाही. परंतु हाच लाभ उलटा पडतो. प्रतिस्पर्ध्याचा ठोसाही तितकाच वजनदार असतो, आणि मैदानात अधिक वर्षे राहणे म्हणजे असे ठोसे अधिक वर्षे सोसणे होय.

भारतातील उदाहरण घ्यावयाचे तर हवा सिंग यांचे घेता येईल. १९६६ व १९७० अशा लागोपाठ दोन आशियाई स्पर्धांत त्यांनी हेवीवेट गटाचे सुवर्णपदक मिळवले. दुसऱ्या वेळी त्यांचे वय तेहतीस वर्षांच्या आसपास होते. पुढे भिवानी येथे त्यांनी तरुणांना घडवण्याचे काम केले व १९९९ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला. खेळाडूच्या उत्तरायुष्याचा हा मार्ग महाराष्ट्राला अपरिचित नाही.

आखाड्याचा अनुभव : नजर आणि स्पर्श

महाराष्ट्राने हेवीवेट मल्लांची मोठी परंपरा पाहिली आहे. १९५९ चे हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे व १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर ही त्यातील ठळक नावे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकरांनी सर्वांत वरच्या वजनगटात ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण व फ्रीस्टाइल प्रकारात रौप्यपदक मिळवले. त्याच स्पर्धेत मारुती माने यांनी त्यांच्या खालच्या वजनगटात फ्रीस्टाइलचे सुवर्ण व ग्रीको-रोमनचे रौप्यपदक पटकावले. दादू चौगुले यांनी १९७० व १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्र केसरीचा मान मिळवला आणि १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत हेवीवेट गटाचे रौप्यपदक आणले. ही सर्व शिखरे साधारणतः विशी ते तिशीच्या दरम्यानची आहेत. १९३५ मध्ये जन्मलेले आंदळकर हिंदकेसरी झाले तेव्हा पंचवीस वर्षांचे होते आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले तेव्हा एकोणतीस वर्षांचे. वयाचा नियम तांबड्या मातीलाही लागू होतो.

तरीही कुस्ती व मुष्टियुद्ध यांत एक मूलभूत फरक आहे. मुष्टियोद्ध्याला सर्व माहिती डोळ्यांवाटे मिळते, कारण ठोसा बसेपर्यंत दोघांत अंतर असते. मल्लाला सलामी झडून पकड जुळल्यावर माहिती मिळते ती प्रामुख्याने स्पर्शातून. प्रतिस्पर्ध्याच्या मनगटाचा ताण, मानेवरील दाब, पायावरील भार यांवरून तो ढाक लावणार की पटात घुसणार, हे मल्लाच्या हाताला कळते. स्पर्शाला दिलेली प्रतिक्रिया दृश्य संकेताला दिलेल्या प्रतिक्रियेपेक्षा किंचित शीघ्र असते, शिवाय पकडीतील ताण सतत जाणवत असल्याने पूर्वानुमानाला अखंड आधार मिळतो. म्हणून वयस्कर मल्ल खुल्या हालचालीत तरुणापुढे उणा पडतो, पण पकड जमली की त्याच्या अनुभवाचे वजन जाणवू लागते.

लढतीच्या स्वरूपाचाही येथे विचार केला पाहिजे. जुन्या मातीच्या कुस्तीत वेळेचे बंधन सैल असे. खेळ रेंगाळवत, प्रतिस्पर्ध्याचा दम पाहत, घिस्सा अथवा एकलंगीची संधी हेरणे अनुभवी मल्लाला शक्य होते. गादीवरील आजच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात आणि निष्क्रियतेला दंड होतो. म्हणजे वेग व सातत्य यांना अधिक मोल आले आहे. नियम बदलले की वयाचा परिणामही बदलतो, हे येथे लक्षात येते. 'म्हातारपण' ही केवळ शरीराची अवस्था नसून शरीर आणि खेळाचे नियम यांमधील नाते आहे.

मल्ल ते वस्ताद

मुष्टियुद्धाच्या व्यावसायिक जगात वयस्कर योद्ध्यापुढे बहुधा दोनच वाटा असतात : पुन्हा रिंगणात उतरणे अथवा विस्मृतीत जाणे. जो लुई पैशासाठी परतला. अलीलाही रिंगण सोडवले नाही. ज्या जगात खेळाडूचे मूल्य केवळ तिकीटविक्रीवर ठरते, तेथे वेळेवर थांबण्याची प्रेरणा क्षीण असते. मार्सियानो १९५६ मध्ये बत्तिसाव्या वर्षी व लेनॉक्स लुईस २००४ मध्ये अडतिसाव्या वर्षी विजेतेपद हाती असताना निवृत्त झाले, परंतु असे योद्धे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

तालीम परंपरेने तिसरी वाट निर्माण केली. लढतीतून बाहेर पडलेला मल्ल तालमीतून बाहेर पडत नाही, तो वस्ताद होतो. त्याचे हात संथ झालेले असतात, पण कोणत्या पोराची डावी बाजू कच्ची आहे आणि कोणाचा दम तिसऱ्या मिनिटाला तुटतो, हे त्याला दुरूनही दिसते. म्हणजे शेवटपर्यंत टिकणारी जी पूर्वानुमानाची शक्ती, तिलाच येथे पद, काम आणि मान मिळतो. गणपतराव आंदळकर कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत अनेक दशके मल्ल घडवत राहिले. १९७२ चे हिंदकेसरी हरिश्चंद्र बिराजदार यांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मल्लांची पिढी तयार केली. त्यांचे शिष्य काका पवार पुढे स्वतः प्रशिक्षक झाले, आणि २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णपदकविजेता राहुल आवारे याच परंपरेत वाढला. जानेवारी २०२० मध्ये पुण्यातील बालेवाडी येथे नाशिक जिल्ह्याकडून खेळणाऱ्या हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेवर मात करून महाराष्ट्र केसरीची गदा पटकावली. अंतिम फेरीतील हे दोघेही काका पवार यांचेच शिष्य होते. एका मल्लाचे शरीर थांबल्यावर त्याचे तंत्र थांबत नाही, याचा यापेक्षा बोलका दाखला शोधावा लागणार नाही.

तथापि, या परंपरेचे अवास्तव उदात्तीकरण करणेही योग्य नाही. प्रत्येक मल्लाला तालीम मिळत नाही. हेलसिंकी येथे १९५२ मध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्या खाशाबा जाधवांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. शिवाय मेहनत थांबल्यावर खुराक तसाच चालू राहिला तर वजनदार देह हाच व्याधींचे घर बनतो. हजारो बैठकांचा भार वाहिलेले गुडघे उतारवयात हिशोब मागतात. परंतु कुस्तीत डोक्यावर ठोसे मारणे हे उद्दिष्ट नसल्याने वस्तादाची स्मृती व वाणी बहुधा शाबूत राहते. शिकवण्यासाठी त्याच दोन गोष्टी लागतात.

मेंदूची इजा आणि थांबण्याचा क्षण

१९२८ साली हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन वैद्यकाने मुष्टियोद्ध्यांतील अडखळती चाल, जड जीभ व मंद बुद्धी या लक्षणांकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. १९७३ साली ब्रिटनमध्ये पंधरा माजी मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंची मरणोत्तर तपासणी करून त्यांतील विशिष्ट बदल नोंदवण्यात आले. डोक्यावरील पुनःपुन्हा होणाऱ्या आघातांमुळे उद्भवणारा हा मेंदूविकार आज अन्य खेळांतही ओळखला गेला आहे. त्याचा संबंध केवळ मूर्च्छा आणणाऱ्या मोठ्या ठोशांशी नसून वर्षानुवर्षे सोसलेल्या लहान-मोठ्या आघातांच्या बेरजेशी आहे. त्या बेरजेत सरावातील ठोसेही धरावे लागतात.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. मंदावलेली प्रतिक्रिया ही वयामुळे आहे की आघातांमुळे? लक्षणे सारखीच दिसतात. सामान्य वार्धक्य मंद गतीने व सर्वच बाबतींत येते. आघातजन्य ऱ्हास लवकर येतो आणि वाणी, तोल, मनोवृत्ती यांत प्रथम प्रकट होतो. म्हणून एका दिवसाच्या तपासणीपेक्षा त्याच खेळाडूची पूर्वीची नोंद व आजची नोंद यांची तुलना अधिक विश्वासार्ह ठरते. ऑलिंपिक पद्धतीच्या मुष्टियुद्धात वरिष्ठ गटासाठी चाळीस वर्षांची कमाल मर्यादा आहे. ती आवश्यक असली तरी पुरेशी नाही, कारण अनेक सामने खेळलेल्या तिशीतल्या खेळाडूचा मेंदू थोडे सामने खेळलेल्या चाळिशीतल्या खेळाडूपेक्षा अधिक थकलेला असू शकतो.

महाविद्यालयीन संदर्भ

महाविद्यालयातील मुष्टियोद्धा अथवा मल्ल विशीच्या आतबाहेरचा असतो, मग वार्धक्याच्या चर्चेचा त्याच्याशी काय संबंध, असा आक्षेप घेतला जाईल. संबंध निकटचा आहे. चाळिशीत कोणते तंत्र टिकेल याचा पाया विशीतच घातला जातो. त्या दृष्टीने पुढील मुद्दे विचारार्थ मांडता येतील.

१) नैसर्गिक चपळाई लाभलेल्या खेळाडूला बचावाचे मूलभूत पाठ टाळू देऊ नयेत. चपळाई हे उसने भांडवल आहे, ते परत करावे लागते.
२) हंगामाच्या आरंभी प्रत्येक खेळाडूचा प्रतिक्रियाकाल, तोल, स्मरण व वाणी यांची नोंद घ्यावी आणि ती दरवर्षी पडताळावी. शारीरिक शिक्षण, मानसशास्त्र व प्राणिशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करता येण्याजोगा हा उपक्रम आहे.
३) सरावात डोक्यावर बसणाऱ्या ठोशांवर मर्यादा घालावी.
४) डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला वैद्यकीय सल्ल्याशिवाय पुन्हा उतरवू नये, मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची अंतिम फेरी का असेना.
५) माजी खेळाडूंना वर्षातून एकदा सत्कारासाठी बोलावून न थांबता त्यांना प्रशिक्षणाच्या कामात नियमित स्थान द्यावे.

समारोप

वाढते वय मुष्टियोद्ध्याकडून प्रथम निवडीची चपळाई, त्यानंतर स्फोटक शक्ती व दम, आणि सर्वांत शेवटी ताकद हिरावून घेते. पूर्वानुमान, अंतराची जाण व डावपेचांची समज दीर्घकाळ टिकतात. टिकणाऱ्या गुणांवर तंत्राची उभारणी केली तर कारकीर्द लांबते, हे फोरमनने दाखवून दिले. टिकणारे गुण संपलेल्या गुणांची भरपाई अमर्याद काळ करू शकत नाहीत, हे अलीच्या उत्तरकाळाने दाखवले. या दोन्ही सत्यांना एकत्र सामावून घेणारी व्यवस्था आपल्या तालमीत होती. लढण्याचे वय संपले की शिकवण्याचे वय सुरू होते, हे तेथे गृहीत धरलेले असे. खेळाडूने केव्हा थांबावे हा प्रश्न एकट्या खेळाडूच्या विवेकावर सोपवून चालणार नाही. थांबल्यानंतर त्याला उभे राहण्यासाठी जागा आहे की नाही, यावर त्याचे उत्तर बऱ्याच अंशी अवलंबून असते, आणि ती जागा निर्माण करणे हे शिक्षणसंस्थांच्या हाती आहे.